तोंडातलं विरजण कसं सांभाळायचं

माझ्या तोंडात माझीच दोन बोटं उभी जातात, तिसरं जात नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत २७ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली २२ डाव्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून. 'पचनाची सुरुवात तोंडात होते' असं फळ्यावर लिहायचं आणि थुंकायला मागच्या दारानं निंबाखाली जायचं, असा माझा शिरस्ता. तेव्हा खाली लिहिलंय ते उपदेश म्हणून वाचू नका. ज्याची मोटर जळली त्यानं मोटरीबद्दल सांगितलेल्या चार गोष्टी समजा.

सुरुवात ठेच्यानं झाली. भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आयुष्यभर खाल्लेला माणूस मी, आणि एका हिवाळ्यात साध्या वरणातली फोडणीही गालाला झोंबायला लागली. बायको म्हणाली, वय झालं आता तुमचं. मग तान्ह्या पोळ्याला नातीनं गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर ओढत नेलं. पुरी ओठाशी नेली तर आत जाईना. नात म्हणाली, "आबाजी, तोंड मोठं करा नं." मी म्हणालो, "केलं तं आहे बाई." पुरी ओठावरच फुटली, पाणी पांढऱ्या सदऱ्यावर. गाडीभोवती माझे जुने विद्यार्थी उभे होते, कोणी हसलं नाही. त्याचंच जास्त वाटलं.

एका दवाखान्यात वर्षभर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल मिळालं. वर्षभरात एकदाही कोणी उजेडात तोंड उघडायला लावलं नाही. पुढे दंत महाविद्यालयात गेलो, तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी गालात बोट फिरवलं आणि दोन मिनिटांत विचारलं, "काकाजी, खर्रा किती वर्षं?" रोगाचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गालाच्या आतली मऊ त्वचा आणि तिच्या खालचा थर सुतळीसारखा ताठरतो, तोंड मिटत जातं. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचं गाव आहे. सगळे पुढे जात नाहीत, काही जातात. कोण जाईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच नियमित तपासावं लागतं.

आधी विरजण समजून घ्या

आमच्या घरी दही लावायचं काम बायकोकडे. दूध तेच, गाय तीच, पण विरजण शेजारून आणलं की चव बदलते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, त्यानं दूध आंबतं आणि घट्ट होतं. जिवाणूंनी खाऊन, पचवून जे बाहेर सोडलं त्याला पुस्तकात चयापचयज म्हणतात, डॉक्टर मेटाबोलाइट म्हणतात. मी आपला कास्तकाराच्या घरचा, मी निपज म्हणतो. वावरात जे पेराल आणि जे खत घालाल तशी निपज.

तोंड हेही असंच एक विरजणाचं भांडं आहे. त्यात जिवाणूंच्या ७०० हून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. एकाच माणसात सगळ्या नसतात, पण भांडं रिकामं कोणाचंच नसतं आणि ते रिकामं करायचंही नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ या भांड्यातून वाहते. प्रश्न इतकाच की आपण त्यांना खायला काय घालतो आणि त्यांची निपज किती वेळ गालाला चिकटून राहते.

साखरेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. साखर घातली की आम्ल निघतं, दात किडतो. किडलेल्या दाताची धार रोज जिभेला नाहीतर गालाला घासत असेल तर ती घासून गुळगुळीत करून घ्या. एकाच जागी वर्षानुवर्षं होणारी जखम घरात ठेवायची वस्तू नव्हे.

हिरडीखालची गोष्ट वेगळी. तिथे हवा पोचत नाही. दातावरचं किटण साचलं की त्याच्या आडोशाला हवेविना जगणारे जिवाणू वाढतात. त्यातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी: फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम आणि पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. साखरेपेक्षा त्यांना प्रथिनं प्रिय, म्हणजे अडकलेलं अन्न, मेलेल्या पेशी, हिरडीतून पाझरणारा रस. त्यांची निपज वासावरून ओळखू येते. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, खवट लोण्याचा वास ब्युटिरिक आम्लाचा. हेच आम्ल मोठ्या आतड्यात पेशींचं पोषण करतं आणि हिरडीत पेशींना इजा करतं. जागा चुकली की माल बिघडतो. हिरडी सुजते, रक्त येतं, सूज जुनी होते, आणि जुन्या सुजेच्या जागी पेशींची सारखी डागडुजी चालू राहते. जिथे फार डागडुजी, तिथे चुका व्हायला वाव.

तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत हे दोन जिवाणू जास्त सापडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण जिवाणूंमुळे गाठ, की गाठीच्या आत हवा नाही आणि मेलेल्या पेशींचं आयतं अन्न आहे म्हणून तिथे जिवाणूंची गर्दी, याचा निवाडा झालेला नाही. 'दात न घासल्यानं कॅन्सर होतो' असं सरसकट कोणी सांगितलं तर मान हलवू नका. आणि दात घासतो म्हणून खर्रा चालतो, असं तर अजिबात समजू नका.

खर्रा घातला की काय निपजतं

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला ऐवज. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र ठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो, त्यामुळे तो ताजा आणि घरचा वाटतो. मलाही वाटायचा.

आता नायट्रेटची गोष्ट, कारण सगळी गंमत तिथे आहे. पालक, मेथी, मुळा, बीट यांत नायट्रेट असतं. पोटात गेलेल्या नायट्रेटपैकी सुमारे पाव भाग शरीर परत लाळेत आणून सोडतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळल्यावर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाबाला मदत होते. म्हणजे हे जिवाणू आपले गडी आहेत, फुकटात राबणारे.

पण त्याच वेळी गालात खर्रा असेल तर? नायट्राइटला शेजारी तंबाखूतली निकोटिनच्या कुळातली द्रव्यं सापडतात, सुपारीतलं अरेकोलिन सापडतं, आणि त्यांच्या संयोगातून नायट्रोसमाइन नावाची संयुगं तयार होतात. तंबाखूतली बरीचशी तर आधीच तयार असतात, पान सुकवताना आणि मुरवताना. तिथेही नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणूच. म्हणजे एक विरजण कारखान्यात लागलेलं आणि दुसरं आपल्या गालात. यातल्या एनएनएन आणि एनएनके या दोघांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ही संयुगं पेशीत शिरून तिच्या डीएनएला चिकटतात आणि पेशी स्वतःची नक्कल करताना चुकते. सुपारी चघळणाऱ्यांत ज्यांच्या दातांवर किटण जास्त, त्यांच्या तोंडात नायट्रोसोची संयुगंही जास्त बनतात असं तपासून पाहिलं गेलं आहे. मळकं भांडं आणि वाईट दूध एकत्र आलं की असं होतं.

चुन्याचं काम वेगळं. तो तोंडातला क्षार वाढवतो, त्यामुळे निकोटिन लवकर भिनतं. 'चुना कमी टाकला तं लागत नाही' म्हणतात ते उगाच नाही. आणि गालाची त्वचा तो भाजतो ती वेगळीच.

सुपारीबद्दल फार गैरसमज आहे. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो' असं म्हणणारे आमच्या पारावर पाच जण आहेत. त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ साली छापलेल्या अहवालात तंबाखूविना सुपारीही पहिल्याच गटात आहे. माझं तोंड मिटलं ते मुख्यत: सुपारीनं. त्यातलं अरेकोलिन आणि तांबं दोन्ही गालाखालच्या तंतूंना ताठ करतात. बाया दात घासायच्या नावाखाली गुडाखू नाहीतर नस (तपकीर) लावतात तीही तंबाखूच. हिरडीला लावली म्हणून ती औषध होत नाही.

दारूचं एका परिच्छेदात उरकतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे दारूविषयी इथे कोणाला काही ठाऊक नसतं! तोंडातले निसेरिया वगैरे जिवाणू दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात. यकृत ते झपाट्यानं पुढे निकामी करतं, तोंडाला तेवढी ताकद नाही, म्हणून ते लाळेत रेंगाळतं. दारूसोबत येणाऱ्या या द्रव्यालाही २००९ पासून पहिल्या गटात जागा आहे. मोहाची असो की बाटलीतली, जिवाणूंना फरक पडत नाही. दारू आणि खर्रा दोन्ही असतील तर धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

भांडं कसं घासायचं

आधी दूध बदला, मग भांडं घासा. क्रम उलटा केला तर काय होतं ते माझ्या शेजाऱ्यानं दाखवलं. त्यानं मेडिकलमधून झणझणीत माउथवॉश आणला, दिवसातून चारदा चूळ भरायचा आणि लगेच खर्रा. माउथवॉशनं आपले फुकटचे गडीही मरतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरावा. अल्कोहोल असलेला तर घेऊच नये.

ब्रश दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडच्या पेस्टनं. रात्रीचा सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि निपज तशीच साचून राहते. ब्रश मऊ घ्या आणि दात-हिरडीच्या सांध्यावर तिरका धरा. माझ्या आईनं जन्मभर राखुंडीनं दात घासले आणि निंबाची काडी वापरली. काडी चालते, नीट चावून कुंचा केला तर. राखुंडी दात झिजवते. जीभ मागून पुढे हलक्या हातानं ओढा, तिथले नायट्रेटवाले गडी खरवडून काढायचे नाहीत. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. कवळीखाली बुरशी वाढते आणि तीही दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करते. दाताचं किटण एकदा दगडासारखं झालं की ब्रशनं निघत नाही, ते दाताच्या डॉक्टरकडूनच काढावं लागतं. किटण काढल्यानं दात हलतात ही अफवा आहे. हलणारे दात किटणाच्या आधारानं उभे होते इतकंच.

तोंड कसं पाहायचं

हा भाग नीट वाचा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं उजेडात तोंड पाहिलं. २००५ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. लाळेतल्या निपजेवरून कॅन्सर ओळखायचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत, पण गावात आपल्या हाताशी मोबाइलचा टॉर्च आणि न्हाव्याकडचा आरसा आहे, तोच वापरू.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी, हे काम चालतं. चूळ भरा, कवळी काढा, हात साबणानं धुवा. ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसा. एकट्यानं पाहता येतं, पण दुसऱ्यानं टॉर्च धरला तर बरं. माझ्यावर टॉर्च नात धरते.

पहिल्यांदा तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तर्जनी, मधलं आणि अनामिका एकत्र करून उभी आत घालून पाहा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर थांबू नका, बाकीचं पाहून होताच तपासणीची वेळ घ्या. मग ओठ आतून उलटे करून पाहा. मग गाल. एक बोट आत, अंगठा बाहेर, आणि गाल मधे धरून मागपासून पुढेपर्यंत चाचपा. निरोगी गाल लोण्यासारखा लागतो. माझ्या गालात तुम्हाला सुतळी लागेल.

खर्रा दाबायची जी जागा असते, गाल आणि खालची हिरडी यांच्या मधली खोबण, तिथे सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या तंबाखू चघळणाऱ्यांचा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. ओठ ओढून खोबण पूर्ण उघडा, सावली राहू देऊ नका. मग स्वच्छ फडक्यानं जिभेचं टोक धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढा आणि कडा पाहा. जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा पाहा, मान मागे टाकून टाळू पाहा. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांची टोकं फिरवून गाठ लागते का ते पाहा.

काय शोधायचं? पांढरा चट्टा, जो ओल्या फडक्यानं पुसूनही जात नाही. लाल मखमली चट्टा. हा पांढऱ्याहून धोक्याचा. टणक फोड, कडा उचललेली जखम, कारण नसताना हलणारा दात, एका बाजूला बधिरपणा, घशात नाहीतर कानात एकाच बाजूची ठसठस, आवाजात बदल. आणि दुखत नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही, चटणीचा फोड दुखतो.

काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा, तारीख वहीत लिहा. धारदार दात लागत असेल तर तो घासून घ्या. त्यानंतर १४ दिवस मोजा. भरलं तर भरलं. १४ दिवसांनंतरही आहे तसंच असेल तर पंधरावा दिवस घरी घालवू नका. या १४ दिवसांत खर्रा बंद हे वेगळं सांगायला नको, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. पेरणी असो की वेचणी, कापूस आठ दिवस झाडावर राहिल्यानं जे नुकसान होईल त्याचा हिशेब करता येतो.

पुढची वाट सोपी आहे. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, तोंडातली न भरणारी जखम आणि तोंड उघडायला त्रास हे प्रश्न असतात. त्यांना खरं उत्तर द्या. आमच्याकडचे पुरुष 'काही नाही, लिही नाही म्हणून' सांगून मोकळे होतात. मीही सांगितलं होतं. उपकेंद्रातून पुढे पाठवतात. आमच्या बाजूनं सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं दंत महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, अशी ठिकाणं आहेत. जाताना वही आणि फोटो न्या, किती वर्षं काय खाल्लं ते न लाजता सांगा.

तिथे तुकडा काढायचा म्हणतील. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरते' हे मी स्वतः पारावर दहा वेळा ऐकलं आणि एकदा सांगितलंही, विज्ञान शिक्षक असून. खोटं आहे. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणालाच नक्की सांगता येत नाही. माझा काढला, एक टाका पडला, तिसऱ्या दिवशी वरण-भात जेवलो.

सोडताना

मी तीनदा सोडला. दोनदा परत धरला. तलफ येते तेव्हा लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. मी खिशात पन्नीऐवजी भाजलेली सोप, जवस आणि दोन लवंगा ठेवल्या. सुपारी नाही, गोडही नाही. ठेल्यावरून जायची वाट बदलली, शाळेकडे मागच्या पांदणीनं जाऊ लागलो. सरकारची तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, तिथले लोक बोलतात आणि परत फोनही करतात. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण माझ्यासारखा जबडा असेल तर चघळणं त्रासाचं, डॉक्टरांना पट्टीबद्दल विचारा.

ताठ झालेला गाल पुन्हा लोण्यासारखा होत नाही. व्यायामानं मात्र फरक पडतो. कुल्फीच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, मिनिटभर थांबायचं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जमेल तशी एक काडी वाढवायची. दुखेपर्यंत ओढायचं नाही. कुल्फीवाल्यानं मला कोऱ्या काड्यांचं अख्खं पुडकं दिलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तं मले पाढे शिकवले." सुरुवात अकरा काड्यांनी केली होती. काल रात्री चौदा झाल्या, आणि नात म्हणते गुपचूपला सतरा लागतात.